हिरव्या पट्ट्यातले दाजी

दाजी परब रोज सकाळी दोनदा दाढी करत. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. एकसष्टाव्या वर्षी प्रल्हादाचे गाल राखायचे तर एवढं करावंच लागतं, असं त्यांचं म्हणणं. उंची साडेचार फूट, आवाज पातळ आणि डोळे कायम काहीतरी चोरून खाल्ल्यासारखे. एवढ्या भांडवलावर त्यांनी सदतीस वर्षं दशावतारात पोरासोरांची कामं केली होती. ध्रुव तेच, प्रल्हाद तेच. लव तर तेच, आणि कुशाला ताप आला तर कुशही तेच.

पण त्या सोमवारी दाढीत जीव नव्हता. चारच दिवसांपूर्वी मंडळाचे मालक गुरुदास सांगून गेले होते की यंदाच्या जत्रांना प्रल्हाद नवा. कारणही सांगितलं होतं. मागल्या हंगामात नरसिंहाच्या मांडीवरून उठताना प्रल्हादाने दोन्ही गुडघे धरले आणि "आये गे" म्हटलं. लोक हसले. यंदा दाजींनी द्वारपाल व्हायचं होतं. द्वारपालाला वाक्यं किती? दीड.

"आरशात बघून काय गावतला?" त्यांची बायको, यशोदाकाकी, तव्यावरचं घावन उलटताना म्हणाल्या. "आता दाढी वाढवा. द्वारपालाक शोभतली."

"तू गप रव गो."

"मी गप रवलंय तर ह्या घरात बोलतलो कोण? तुमका दीडच वाक्य आसा."

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"गुरुदास इलो!" म्हणत दाजी तोंडाला फेस तसाच ठेवून धावले. चूक उमगून माणूस परत येतोच, हे त्यांनी सगळ्या पौराणिक नाटकांत पाहिलं होतं. दारात मात्र खालच्या वाडीतली संजना उभी. तालुक्याच्या रुग्णालयात ती सिस्टर होती, तातडीचे रुग्ण येतात त्या खोलीत.

"दाजीनू," ती म्हणाली, "गुरुवारी तुमी सहा वर्सांचे होतलात काय?"

"खंयच्या जत्रेक?" फेस न पुसता दाजींनी विचारलं.

"जत्रा नाय. हॉस्पिटलात."

मग तिने ओट्यावर बसून, घावन खाता खाता सगळं सांगितलं. मागच्या महिन्यात धाप लागलेलं एक पोर आणलं होतं. पोर बरं होऊन घरी गेलं, पण त्याच्या तोंडाच्या मापाचा मास्क शोधण्यात इतका वेळ गेला की संजनाला दोन दिवस जेवण गेलं नाही. मोठ्या माणसांसाठी खोलीत सगळं हाताशी, लहानांसाठी काय कुठे आहे ते कोणालाच धड माहीत नाही. म्हणून नव्या डॉक्टरांनी तालीम ठरवली होती. खोटं पोर आणायचं, खरी धावपळ करायची आणि कुठे अडतं ते लिहून काढायचं.

"बावली आसा आमच्याकडे," संजना म्हणाली. "पण ती भारी गुणी. रडणा नाय, लाथ मारणा नाय, मास्क ओढून काढणा नाय. असा पोर मी अजून बघूक नाय."

"मगे खराच पोर घे एखादा."

"विचारलंय ना. शेवंतीवैनी केरसुणी घेवन मागे लागली. म्हणता, माझ्या धडधाकट झिलाक हॉस्पिटलाच्या खाटीर निजवतस? तुका दुसरा काय सुचूक नाय?"

"तालीम..." दाजींनी तो शब्द तोंडात घोळवला. "म्हणजे लोक बघतले?"

"डॉक्टर, आमी तीन सिस्टरी आणि शिपाई नितेश."

"पाच." दाजींनी फेस पुसला. प्रल्हादाने खांबासमोर उभं राहून याहून कमी प्रेक्षकांत काम केलेलं होतं. "आणि मी पोर म्हणून उभो रवलंय, ह्या गुरुदासाक कळात?"

"मी स्वतः सांगतंय त्येंका."

"आणि पोराची आवस कोण? पोर आयेशिवाय येता काय?" काकींनी आतून विचारलं.

संजना त्यांच्याकडे बघून नुसती हसली.

"मी? चाळीस वर्सां ताच करतंय. माका तालीम कसली?"

गुरुवारी सकाळी दाजी नटून निघाले. कुरळा टोप, गालांवर लाली आणि कणकवलीच्या नातवाची, समर्थची, वाघाचं चित्र असलेली चड्डी. ती पोटाशी बसेना म्हणून करगोट्याने बांधली. रिक्षात काकींनी पदर डोक्यावरून पार नाकापर्यंत ओढून घेतला.

डॉक्टर विनीत घाटावरचे, वयाने तिशीच्या आतले. त्यांनी आधी टोपाकडे पाहिलं, मग वाघाकडे, मग संजनाकडे.

"सिस्टर, हे सहा वर्षांचे?"

"उजेड कमी केलो तर दिसतत," संजना म्हणाली.

डॉक्टरांनी कथा समजावली. मुलाला दमा आहे, सकाळपासून धाप वाढली आहे, आईने उचलून आणलंय. दाजींनी मान डोलावली. दशावतारात संवाद लिहून देत नाहीत. मालक कथा सांगतो, पुढचं ज्याचं त्याने बोलायचं. दाजींना वाटलं, इथेही तीच पद्धत आहे, म्हणजे डॉक्टर जाणकार माणूस.

संजनाने घड्याळ लावलं. दार उघडलं. काकींनी दाजींना बगलेत मारून आत आणलं. त्याला त्यांना फार कष्ट पडले नाहीत. दाजी खाटेवर पडले, एक हात छताकडे उंचावला आणि पातळ आवाजात सुरू झाले.

"हे माते! हा श्वास मजला सोडून चालला! ज्या नारायणाने जळात मत्स्याला तारले, तो या अजाण बालकाला विसरला काय? अगे, माझ्या खेळण्यांना सांग, माझ्या वासराला सांग..."

एका सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. नितेश शिपायाने दाराशी हात जोडले. वासराच्या पुढे गाय आली, गायीच्या पुढे गोकुळ आलं. चार मिनिटं झाली तरी कोणी जागचं हललं नव्हतं.

"थांबा, थांबा!" डॉक्टर भानावर आले. "आजोबा, ज्याला इतकी धाप लागलीय त्याला सलग वाक्य बोलता येत नाही. दोन शब्द, की थांबायचं."

दाजी उठून बसले. "दोन?"

"दोन."

"द्वारपालापेक्षा कमी!" काकी पदराआडून म्हणाल्या.

पुन्हा घड्याळ लावलं. या खेपेला दाजी तोंड मिटून पडले आणि सगळे कामाला लागले. डॉक्टरांनी रंगीत पट्ट्यांची एक लांब टेप काढली. ती मुलाच्या डोक्यापासून टाचेपर्यंत धरायची. टाच ज्या रंगावर येईल त्यावरून वजनाचा अंदाज, वजनावरून औषधाचं माप. सहा वर्षांच्या पोराची टाच मधल्या कुठल्यातरी रंगावर यायची. दाजींची टाच गेली शेवटच्या हिरव्या पट्ट्यात. पण पट्ट्याच्या आत.

"बसतत!" संजना ओरडली.

दाजींनी टोप सावरत मान वर केली. "ही टेप फक्त पोरांची?"

"फक्त मुलांचीच," डॉक्टर म्हणाले.

"माका ह्या लिवन दितलात? शिक्को मारून? गुरुदासाक दाखवचा आसा."

"तुम्हाला दोनच शब्द, आजोबा!"

दाजी पडले. मनात मात्र गुरुदास त्यांच्यापुढे टेप हातात घेऊन खाली मान घालून उभे होते.

मग मास्कची शोधाशोध सुरू झाली. खणात एक तान्ह्या बाळाचा निघाला, बाकी सगळे बाप्यांचे. मधल्या मापाचे आतल्या कपाटात होते. किल्ली ज्याच्याकडे तो चहाला गेलेला. त्याला बोलावून आणलं. मास्क मिळाले तर ते प्लास्टिकमध्ये सीलबंद. कात्री हवी. कात्री ड्रेसिंगच्या खोलीत. संजना पळता पळता एकेक गोष्ट वहीत लिहीत होती. आणि खोलीत गर्दी झाली तसं, वीस वर्षांच्या सवयीने, नितेशने काकींच्या दंडाला धरलं.

"नातेवायक भायर! चला, भायर बसा."

दार लागलं.

दाजींनी बाजूला पाहिलं तर काकी नाहीत. वर पाहिलं तर पंखा, आणि त्याच्याखाली चार तोंडं. ती एकमेकांशी बोलत होती. दाजींशी कोणीच बोलत नव्हतं. कोणीतरी बोटाला चिमटा लावला. कोणीतरी गार हाताने छाती उघडी केली. मग हिरवट, रबरी वासाचं काहीतरी नाकातोंडावर आलं. दाजींनी ते ओढून काढलं. ते परत आलं. त्यांनी परत काढलं, एक लाथही मारली आणि ती डॉक्टरांच्या पोटात बसली.

"छान, छान! मुलं असंच करतात!" डॉक्टर कण्हत म्हणाले.

पण दाजी काही करतच नव्हते. सदतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना संवाद सुचत नव्हता. टोप घसरून डोळ्यांवर आला, दिसायचं बंद झालं, आणि त्यांच्या तोंडून निघालं,

"यशोदा गो!"

दोनच शब्द. पण बाहेरच्या नळावर पाणी भरणारी बाईसुद्धा वळून बघायला लागली.

दार धाडकन उघडलं. नितेश एका बाजूला गेला, त्याची टोपी दुसऱ्या. काकी आल्या त्या सरळ खाटेवरच बसल्या. दुसरी जागाच नव्हती. खाट कलली. दाजी घरंगळत त्यांच्या मांडीला टेकले.

"गप रे बाबल्या, मी हयसर आसंय," त्यांनी टोप सरकवून टकलावर हात ठेवला. "ता नाकाक लावतत, तेचेतून बरी हवा येता. लावून घे."

दाजींनी लावून घेतलं. संजनाने घड्याळ थांबवलं. काकी बाहेर असताना चार मिनिटांत मास्क एकदाही तोंडावर टिकला नव्हता. काकी आल्यावर वीस सेकंदांत बसला.

नंतर सगळे चहाला बसले. संजनाने वही वाचली. मधले मास्क भिंतीवर टांगायचे, प्लास्टिक आधीच फोडून. किल्ली खोलीतच. कात्री खाटेला बांधून.

"आणि आजोबा," डॉक्टर पोट चोळत म्हणाले, "शेवटची हाक. असा अभिनय मी पाहिला नव्हता."

"तर!" दाजी म्हणाले. काकींनी त्यांच्याकडे पाहिलं. दाजी बशीत बघायला लागले.

"गुरुदासांना पत्र देतो. हिरव्या पट्ट्यात बसलात, शिक्क्यासह. लिहू?"

दाजींनी बशी खाली ठेवली. लाली ओघळून हनुवटीपर्यंत आली होती.

"ता रवांदे," ते म्हणाले. "डॉक्टरांनू, त्या खाटीच्या उशाकडे एक स्टूल ठेवा. पोराच्या आवशीक थय बसूक द्या."