फुटल्या सायलेन्सरची गाडी

मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी, दुपारी चारच्या सुमारास, रोहण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका मोटारसायकलने पायी चाललेल्या पंचावन्न वर्षांच्या बाईंना मागून धडक दिली. चालक थांबला नाही. बाईंच्या उजव्या मांडीचे हाड मोडले. चालक त्यांना दिसला नव्हता. पंचनाम्यात आम्हाला इंडिकेटरच्या नारिंगी काचेचा बोटभर तुकडा मिळाला. निवृत्त होऊन काही वर्षे झाली, तरी या गुन्ह्याची केस डायरी मला जवळजवळ पाठ आहे.

माझी नेमणूक तेव्हा वर्धा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्यात होती. साक्षीदार एकच होता, शेजारच्या शेतात गव्हाला पाणी देणारा सत्तरीचा शेतकरी. मध्ये बाभळी असल्याने त्याने गाडी पाहिली नाही, फक्त ऐकली. हवालदाराने जबाब लिहिला, ‘फटाक्यांसारखा आवाज करणारी, सायलेन्सर बदललेली मोटारसायकल’, आणि खाली अंगठा घेतला. हवालदार कोल्हापूरकडचा, मी खानदेशातला. त्या वाक्यात काही चुकले असेल, अशी शंका आम्हा दोघांनाही आली नाही. त्याच संध्याकाळी हवालदार गावात आवाजाच्या गाड्यांची चौकशी करून आला.

बुधवारी सकाळी गावातला एक किराणा दुकानदार ठाण्यात आला. गणपतीच्या आधी ठाण्यात होणाऱ्या शांतता समितीच्या बैठकीला बोलावला जाणारा, वजनदार माणूस.

“साहेब, तसा आवाज आमच्या गावात एकाच गाडीचा हाय. मायं नाव मात्र कुठी येऊ देऊ नका.”

नाव लपवा, असे माहिती देणारा प्रत्येक जण सांगतो. मी त्याला चहा दिला.

त्याने नाव घेतलेला तरुण सव्वीस वर्षांचा होता. वनरक्षक म्हणून त्याची निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचा अर्ज माझ्याच टेबलावर होता. रुजू व्हायला बारा दिवस उरले होते. गुन्ह्यात नाव आले, तर माझा अहवाल प्रतिकूल जाणार होता आणि नोकरी प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला मिळणार होती.

दुपारी त्याला गाडीसह बोलावले. गाडीला कंपनीचा सायलेन्सर होता आणि दोन्ही इंडिकेटर नवे होते.

“सायलेन्सर कधी बदलला?”

“नाई बदलला साहेब.”

“नटांवर पान्याचे ताजे ओरखडे आहेत.”

“काल संध्याकाळी. घरीच बदलला. तुम्ही आवाजाच्या गाड्या शोधून राह्यले म्हनून ऐकलं.”

“मग आधी तो दुसरा लावलाच कशाला?”

“पिकअप वाढते साहेब.”

“किती वाढली?” हवालदाराने विचारले.

“आवाज वाढला,” तो खाली पाहत म्हणाला.

मंगळवारी चार वाजता कुठे होतास, याचे उत्तर ‘घरी झोपलो होतो’ असे होते. साक्षीला फक्त आई. एकदा खोटे बोललेला, पुरावा बदलणारा आणि नव्या इंडिकेटरचा संशयित माझ्यासमोर बसला होता. त्याने काढून ठेवलेला आवाजाचा सायलेन्सर घरून आणवून मी जप्त केला.

बसस्थानकासमोरच्या मिस्त्रीकडे गेलो. आवाज काढणाऱ्या मुलांच्या गाड्या तोच करून देई, त्यामुळे त्याच्या बोलण्यावरही माझा फारसा विश्वास नव्हता.

“पिकअप-बिकअप काई वाढत नाई साहेब,” तो म्हणाला. “उलट खालची ताकद जाते. चढावर गिअर पाडा लागते. पोराइले आवाज आला म्हंजे गाडी पळाली वाटते. त्याचे इंडिकेटर मात्र मीच लावले, संक्रांतीच्या टायमाले.”

त्याच्याकडे लेखी काहीच नव्हते. अटकेचे कागद तयार करायला मी सांगितले. त्याआधी एक खात्री करून घ्यायची ठरवली. न्यायालयात तिला पुरावा म्हणून किंमत नव्हती. गुरुवारी जप्त सायलेन्सर गाडीला पुन्हा लावला, शेतकऱ्याला रस्त्याकडे पाठ करून त्याच शेतात उभे केले आणि गाडी दोनदा पळवली.

“हा नाई साहेब. हा गाजून राह्यला. ते गाडी फुटली होती.”

“फुटली म्हणजे फटाके फोडत होती ना?”

“फटाके कुठचे? मी म्हनलं होतं, फुटल्या सायलेन्सरची गाडी. गंजून भोक पडते ना सायलेन्सरले, तशी. फसफस करून राह्यली होती. या हवालदारसाहेबाइले इचारा ना.”

हवालदार म्हणाला, “मला वाटलं, फटाक्याचा सायलेन्सर.”

“वाटलं तुमाले, अन् अंगठा माया लावला.”

आम्ही तिथून थेट मिस्त्रीकडे परतलो. गंजून भोक पडलेला सायलेन्सर या आठवड्यात कोणी बदलला, असे विचारले.

“काल सकाळी एक बदलला. किराणावाल्या भाऊचा. इंडिकेटरही फुटला होता.”

“कालच का नाही सांगितलं?”

“तुम्ही आवाज काढनाऱ्या पोराइचं इचारलं साहेब. त्यायची तर साधी गाडी हाय.”

जुना सायलेन्सर आणि फुटका इंडिकेटर भंगाराच्या पेटीत होते. पंचांसमोर काढले. घटनास्थळावरचा तुकडा त्या इंडिकेटरला बसला. दुकानदार बुधवारी ठाण्यात आला होता, तो मिस्त्रीकडून थेट, नव्या सायलेन्सरच्या गाडीवरून. आदल्या संध्याकाळी हवालदाराने चौकशी केली होती, ती त्याच्याच दुकानाच्या ओट्यावर बसून.

चौकशीत त्याने फार वेळ घेतला नाही.

“घाबरलो साहेब. गावात इज्जत हाय.”

“त्या मुलाची नोकरी लागली आहे, हे माहीत होतं?”

“साऱ्या गावाले माहीत होतं.”

शेतकऱ्याचा पुरवणी जबाब मी स्वतः घेतला, त्याच्याच शब्दांत, ‘फुटल्या’ हा शब्द तसाच ठेवून. पहिला जबाबही फाईलमध्ये राहू दिला. पुढे माझ्या हाताखाली जबाब घेणाऱ्या प्रत्येकाला अनोळखी शब्द आधी साक्षीदाराला विचारावा लागे, मग लिहावा लागे. माणसे सहसा नेमके बोलतात. कागदावर ते आमच्याकडून बदलते, हे मी या गुन्ह्यात शिकलो.

प्रयोगशाळेने काचेचा तुकडा त्याच इंडिकेटरचा असल्याचा अहवाल दिला. दुकानदारावर दोषारोपपत्र दाखल झाले. बाई चार महिन्यांनी काठी घेऊन चालू लागल्या.

पडताळणीचा अहवाल मी शुक्रवारीच पाठवला होता. ‘गुन्हा दाखल नाही, प्रलंबित नाही.’ मुदतीच्या शेवटच्या दिवशी, कार्यालय बंद व्हायच्या आधी, तो तरुण रुजू झाला.