कडकबाईंचा धंद्याचा अभ्यास

तिच्या लाँड्रीतून गेलेल्या शर्टाची कॉलर आठवडाभर मान टाकत नसे आणि स्वभावही तसाच, म्हणून गल्लीने तिचं नाव कडकबाई ठेवलं होतं. नवरा गेल्यावर बावीस वर्षं तिने एकटीने दुकान चालवलं, मुलीला शिकवून सासरी पाठवलं आणि रविवारची उपासना एकदाही चुकवली नाही. पण यंदा दुकानातले हँगर रिकामे लोंबायला लागले. मुलगी म्हणाली, "आई, अजून दोन महिने बघ. नाहीतर मशीन विकून टाक आणि माझ्याकडे ये." जावयाच्या घरी दिवसभर खुर्चीत बसून राहायचं, या विचारानेच कडकबाईला घाम फुटला.

म्हणून वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी तिने नवी वही घेतली आणि चर्चमागच्या खोलीत शनिवारी दुपारी भरणाऱ्या वर्गात नाव घातलं. विषय होता, ख्रिस्ती माणसाने धंदा कसा करावा. शिकवायला चर्चची उपासना चालवणाऱ्या पाळकबाई होत्या. त्या आधी पंधरा वर्षं बँकेत होत्या, त्यामुळे डोळे मिटून करायच्या आणि उघडे ठेवून करायच्या, दोन्ही कामांत पक्क्या.

पहिल्याच चाचणीत प्रश्न आला: गिऱ्हाईक कमी झालं तर काय कराल? अठराच्या अठरा जणांनी लिहिलं, 'प्रार्थना करीन.' पाळकबाईंनी प्रत्येक पेपरावर लाल शाईने एकच शब्द लिहिला, 'मग?'

सगळा वर्ग गोरामोरा झाला. "देवाने पाय दिलेत ना?" पाळकबाई म्हणाल्या. "सोडून गेलेल्यांच्या दारी जा, का गेलात ते विचारा. आणि ते बोलत असताना मध्ये तोंड घालू नका."

कडकबाईने कंबर कसली. तिची खात्रीच होती की गल्लीच्या टोकाला नुकत्याच उघडलेल्या लाँड्रीचे दर कमी असणार. समोरच्या इमारतीतल्या वकीलबाई बारा वर्षांचं गिऱ्हाईक, त्यांच्याकडे ती आधी गेली.

वकीलबाईंनी बरेच आढेवेढे घेतले, पण शेवटी बोलल्याच. "काम तुमच्यासारखं कुणाचं नाही हो. पण कोट टाकायला आले की तुम्ही मला येशूचा, तारणाचा मार्ग सांगायला लागता. कोर्टाची वेळ झालेली, आणि माझा कोट तुमच्या मुठीत! मावशी, मी पळणार तरी कशी?"

कडकबाईचा चेहरा खर्रकन उतरला. आपण विश्वासाची साक्ष देतोय असं ती समजत होती, आणि इथे गिऱ्हाईक बिचारं ओलीस! रडू आलं, पण डोळे तिने जिन्यातच पुसले आणि पुढचं दार वाजवलं. त्या आठवड्यात ती आणखी नऊ घरं फिरली. बहुतेकांनी तेच सांगितलं.

"बरं झालं बोललात," ती प्रत्येकाला म्हणाली. "कपडे टाका. आता फक्त पावती मिळेल आणि कपडे मिळतील."

जिभेला आवर घालणं तिला हट्टी डाग काढण्यापेक्षाही जड गेलं. पण बाई शब्दाची पक्की. 'गुरुवारी पाचला' यापलीकडे काउंटरवर ती अवाक्षर काढेना. हळूहळू हँगर भरले. मशीन विकण्याची गोष्ट मुलीने पुन्हा काढली नाही.

दीड महिन्याने वकीलबाईही दोन कोट घेऊन आल्या. पावती घेतली, तरी त्यांचा पाय निघेना.

"आईला उद्या ऑपरेशनला नेतायत," त्या म्हणाल्या.

कडकबाईच्या ओठांवर अख्खं प्रवचन आलं. तिने ते गिळलं, इस्त्री बंद केली आणि स्टूल पुढे सरकवलं. वकीलबाई बोलल्या, रडल्या, पुन्हा बोलल्या. उठताना त्यांनीच विचारलं, "मावशी, आईसाठी प्रार्थना कराल?"

"करीन की," कडकबाई म्हणाली. "उद्या दवाखान्यात तुमच्या सोबतीला कोण आहे?"

"कुणी नाही."

"सातला खाली उभी राहते मी. दुकान उद्या बंद."