चहाच्या कड्यातली मुंगी
टेबलावर कपाच्या बुडाचं ओलं कडं उमटलं, की मला माझ्या बघण्याच्या कार्यक्रमातली मुंगी आठवते. नव्वदचं दशक सरत आलं होतं. शिवाजी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत कांदेपोह्यांचा वास कोंडला होता, आणि मी फिजिक्सची एम.एस्सी. म्हणून मुलाच्या वडिलांनी थेट विचारलं, "आमच्या मठाचे स्वामी कुलूपबंद खोलीतनं बाहेर आलेलं. तुमच्या सायन्सला पटतंय काय?" आईनं डोळे वटारले. नाही म्हणावं तर स्थळ जाणार, हो म्हणावं तर शिकलेलं पाण्यात. तेवढ्यात त्यांच्या कपानं उमटलेल्या चहाच्या कड्यात एक मुंगी अडकलेली दिसली. मी म्हटलं, "हिला पुढं-मागं, डावं-उजवं एवढंच कळतं असं धरा. वर अशी दिशाच ठाऊक न्हाय." आणि कोथिंबिरीच्या काडीवर घेऊन तिला कड्याबाहेर ठेवलं. "कडं कुठं मोडलं न्हाय, तरी ही बाहेर. बाकीच्या मुंग्यांना हा चमत्कारच की! आपल्यालाबी न दिसणारी आणखी एक दिशा असंल, तर कुलूप काय करणार? झालंच असं म्हणत न्हाय, होऊ शकतं म्हणते." माझं उत्तर मलाच फार आवडलं. ते मात्र भांबावून फिरणाऱ्या मुंगीकडं बघत राहिले. "काढलीस खरी बाहेर," ते म्हणाले, "पर आता तिला तिचं घर घावंल का?" पुढच्याच महिन्यात मलाही असंच उचलून वारणानगरला त्यांच्या घरात ठेवलं. तेव्हा मात्र हा प्रश्न कुणी विचारला नाही. वाट माझी मीच काढली, आणि आज त्या घराच्या किल्ल्या माझ्या कमरेला आहेत.