आप्पांच्या घड्याळाचं नवं मशीन

आपल्या माणसाचं घड्याळ बिघडलेलंच राहावं, असं कुणाला वाटेल का? परळीच्या नबीभाईंना वाटत होतं. आणि नबीभाई म्हणजे जन्मभर घड्याळं दुरुस्त करून पोट भरलेला माणूस. बोला आता!

दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली. मोबाइल आले, लोकांची मनगटं मोकळी झाली, आणि नबीभाईंनी काचेचं कपाट हातगाडीवर घालून घरी आणलं. मुलगा अरमान पुण्यात मोबाइल दुरुस्त करतो. बायको हजराबी गेल्यापासून घर खायला उठतं. अरमान फोनवर म्हणतो, अब्बा, इकडंच या. तिथं चौथ्या मजल्यावर बसून करायचं काय, ते मात्र सांगत नाही.

अशा घरात सोमवारी तेवढा एक माणूस यायचा. धर्मापुरीचे शिवशरण आप्पा. त्यांचं किराणा दुकान मुलगा श्रीशैल सांभाळतो, आणि आप्पा सोमवारी वैजनाथाच्या दर्शनाला परळीला येतात. हातात लग्नातलं चावीचं घड्याळ. ते मेलं कायम मागं पडायचं. खिशात मोबाइल होता, पण त्यातले आकडे दिसत नसत; आणि हातात घड्याळ असताना दुसऱ्याला वेळ विचारायची लाज वाटायची. मग व्हायचं काय, आप्पा निवांत स्टँडवर पोचायचे तोवर दुपारची एसटी गेलेली. पुढची येईपर्यंत ते घड्याळ दाखवायला नबीभाईंच्या ओसरीवर यायचे.

बिनकामाचं कुणाच्या दारात बसायचं नाही, हा आप्पांचा जुना हट्ट. पण काम असलं की ऐसपैस बसायचे. नबीभाई झाकण उघडणार, फुंकर मारणार, तेलाचा थेंब सोडणार, आणि त्या एका थेंबावर दोघांच्या गप्पा उन्हं उतरेपर्यंत चालणार. सोमवारचा उपास म्हणून आप्पा नुसता चहा घ्यायचे. हजराबीच्या माघारी तो चहा कसा होत असेल ते विचारूच नका. आप्पांनी कधी तोंड वाकडं केलं नाही.

एका सोमवारी मात्र आप्पा सकाळीच, तोंड पाडून आले.

"नबीभाई, ह्याचा कायतरी निकाल लावा आता."

"कावून? काय झालं?"

"श्रीशैल बोलला. लई बोलला. दुपारी मी गल्ल्यावर बसलो तर त्याला जेवायला जाता येतं. अन् मी उगवतो दिवस मावळताना. म्हणला, आता एकदा जरी एसटी चुकली, तर परत परळीला एकट्याला सोडणार न्हाई."

नबीभाईंनी डोळ्याला भिंग लावलं. आतली चाकं झिजून बसली होती. हे त्यांना आज कळलं असं नाही; पण आजवर तेलावर भागवलं होतं.

"मशीन गेलंय, आप्पा. बदलावं लागंल."

"बदला की मग. पर घड्याळ हेच ऱ्हाऊ द्या."

"डायल हीच, काटे हेच. आतलं तेवढं दुसरं."

आप्पा घड्याळ ठेवून गेले.

दुकान मोडलं तेव्हा त्याच जातीचं एक कोरं मशीन कागदात गुंडाळलेलं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी खिडकीत ऊन आल्यावर नबीभाई बसले. कामाच्या फळीला बांधलेलं पांढरं फडकं मांडीवर ओढलं, काही निसटलं तर त्यात सापडावं म्हणून. पूर्वी खाली पडलेला स्क्रू हजराबी गुडघ्यावर बसून शोधून द्यायची. आता पडला की गेला.

झाकण काढलं. चावी धरून ठेवणारा बारका स्क्रू सैल केला, चावी दांडीसकट बाहेर ओढली, आणि जुनं मशीन तळहातावर उतरवलं. काटे उचलले, डायल सोडवली, ती नव्या मशीनवर बसवली. एक श्वास सोडायचा आणि दुसरा घ्यायच्या आत काटा टेकवायचा, अशी त्यांची जुनी सवय. तीन काटे बाराच्या आकड्यावर एकावर एक बसवता बसवता अर्धी सकाळ गेली. मग सगळं घड्याळाच्या डबीत सारलं, दांडी आत रेटली, चावी दिली. चक्र थरथरलं आणि पळायला लागलं. नबीभाई कुणाला तरी दाखवायला मागं वळले, आणि कुणी नाही म्हणून परत खिडकीकडं वळले.

गिऱ्हाइकाचं घड्याळ काही दिवस स्वतःच्या हातावर चालवून बघितल्याशिवाय द्यायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. आप्पांचं घड्याळ हातावर बांधून ते बाजारात गेले, मशिदीत गेले. घड्याळ चोख चाललं. आणि इथंच त्यांच्या ध्यानात आलं. आता आप्पा कशाला येतील?

घड्याळाच्या चक्राशी एक बारीकशी दांडी असते. ती केसभर इकडं सारली की चाल वाढते, केसभर तिकडं सारली की मंदावते. नबीभाईंनी झाकण उघडलं आणि चिमट्यानं ती मंदावायच्या बाजूला सारली. अल्लाशप्पथ, असलं काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी घड्याळ मागं पडलेलं बघून म्हातारा लहान पोरासारखा खूश झाला.

मग श्रीशैलचे शब्द आठवले. एसटी चुकेल, आप्पा ओसरीवर येतील, चहा होईल. पण एकदाच. नंतर दर्शनही बंद. आपल्या दोन घटका बोलण्यापायी त्या माणसाचा देव तोडायचा? नबीभाईंना स्वतःची एवढी लाज वाटली, की चहा तसाच गार झाला. त्यांनी दांडी पुन्हा जागेवर आणली आणि घड्याळ परत हातावर चालवून बघितलं.

सोमवारी आप्पा सकाळीच आले आणि घड्याळ बांधून दर्शनाला गेले. त्या दिवशी ते परत आले नाहीत. एसटी मिळाली होती.

पुढच्या सोमवारी नबीभाई सकाळपासून ओसरीवर होते. दर्शन उरकून आप्पा आले, पण पायरीखालीच थांबले. मनगट वर करून म्हणाले, "एक मिनिट हिकडं न्हाई की तिकडं न्हाई. तुमच्या हाताला तोड न्हाई, नबीभाई."

मग बसा की, असं नबीभाईंच्या अगदी ओठावर आलं. आप्पाही घुटमळले. त्यांनी चावी फिरवून बघितली, घड्याळ कानाला लावून बघितलं. काही खोट निघते का, तेच बघत होते बहुतेक. निघाली नाही.

"बसलो आसतो," आप्पा म्हणाले.

"जावा, जावा," नबीभाई म्हणाले. "एसटी चुकंल. पोरगं उपाशी बसलं आसंल."

आप्पांनी मान हलवली आणि ते निघाले. कोपऱ्यावर त्यांनी एकदा मनगटाकडं बघितलं आणि पाय उचलला. आता त्यांची एसटी कधीच चुकणार नव्हती, इतकं चांगलं काम नबीभाईंनी केलं होतं.