पाणी गार होतं, पण बादलीत करंट होता

मंडळी, आज सकाळी घरी जे झालं ते लिहून हा कागद जिन्याखालच्या फळ्यावर लावतोय. घाईत लिहिलंय, अक्षर सांभाळून घ्या.

कालच्या मटणाची तेलकट भांडी घासायची, म्हणून सूनबाईने लोखंडी बादलीत हीटरचा रॉड सोडला होता. अर्धा तास झाला तरी वाफ नाही.

"बाबा, हा तापतच नाही हो."

"मग गेला असेल. करंटच येत नसणार," मी जाणत्यासारखा बोललो. वायरिंग मी पावणे गावच्या कारखान्यात नुसतं बघून बघून शिकलेलो.

ती पाणी घ्यायला वाकली. मी सहज खिशातला टेस्टर बादलीच्या कडेला टेकवला, तर दिवा लागला.

"हात मागे घे, पोरी!"

बटण बंद केलं, पिन काढली आणि रॉड बाहेर काढून पाहिला. रॉडची नळी चिरली होती आणि आतली तार तुटून पाण्याला लागली होती.

ती माझ्या शब्दावर विसंबून वाकली होती, हे काही डोळ्यांसमोरून जात नाही.

बाबांनो, पाणी गार असलं तरी आधी बटण बंद करा, पिन काढा. तापलंय का ते बघायला तुमच्याकडेही बोटच घालतात ना?