शांत रानटी

दुष्काळाच्या वर्षांत आमच्या कॉलनीत आठवड्यातून एकदा नळाला पाणी यायचं. त्या दिवशी आम्ही मित्र फासे टाकून गोष्टीचा खेळ खेळत होतो. त्यात प्रत्येकानं कागदावर आपलं पात्र रचायचं असतं. मी रानटी योद्धा रचला, पण शांत. ओरडणार नाही, लक्ष फक्त कामावर. खेळ चालवणारा मित्र सारखा म्हणायचा, "रानटी अन् शांत? असं नसतं रे." माझं डोकंच फिरलं.

तेवढ्यात पाणी आलं. शेजारच्या काकांनी नेहमीप्रमाणं थेट नळाला मोटार लावली आणि आमचा नळ फुसफुसायला लागला. मी खाली जाऊन इतका ओरडलो की गल्ली गोळा झाली. काकाही ओरडले. मोटार चालूच.

मग आई आली. एक शब्द न बोलता तिनं काकांच्या मोटारीचं बटण बंद केलं, बटणापुढं स्टूल ठेवलं आणि आमचं पिंप भरेस्तोवर तिथंच लसूण सोलत बसली. काका पाय आपटत घरात गेले.

मित्र गॅलरीतून सगळं बघत होते. मी वर आलो तेव्हा माझा कागद खेळ चालवणाऱ्या मित्राच्या हातात होता.

"असतं असं," तो म्हणाला. "पण तुला नाय जमायचं. तुझ्या आईला बोलव खेळायला."