मायक्रोमीटरला लावलेलं कुंकू

आमच्या कारखान्यात खंडेनवमीला मशिनींची पूजा होते. लेथ, ड्रिल, अगदी कोपऱ्यातला पंखासुद्धा सुटत नाही. डोंबिवली एमआयडीसीतलं लहानसं युनिट, माणसं मोजून नऊ. तयार पीस मापून पास-नापास करायचं काम माझं. चौदा वर्षं तेच करतेय, आणि माझ्या हातून चूक होत नाही असा माझा तोरा होता. होता म्हणते, कारण आता नाही.

त्या वर्षी आम्ही एक बारीक पोलादी पिन बनवत होतो. मायक्रोमीटरच्या दोन तोंडांत पिन धरायची आणि जाडीचा आकडा वाचायचा. मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडचा तिकडे झाला तरी पीस बाद. पिन कशात जाते ते आम्हाला कोणी सांगत नाही, ड्रॉइंगवर नुसता नंबर असतो. पण माल लष्कराकडे जातो आणि ही पिन सेफ्टीची आहे, म्हणजे नको तेव्हा काही उडू नये म्हणून बसवतात, एवढं आम्हा नऊही जणांना ठाऊक होतं.

सीमेवर तेव्हा वातावरण तापलेलं. टीव्हीवरची मंडळी अशी किंचाळत होती जणू स्वतःच निघालीत लढायला. मेल्यांचं काय जातंय! माझा भाचा तिकडे तोफखान्यात होता. सहा दिवस त्याचा फोन नव्हता. धाकटी बहीण गावाकडे, साताऱ्याला, तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. इकडे दिवा स्टेशनजवळ माझ्या घरीही वेगळं काही नव्हतं. नळाला पाणी आलं की भांडी भरायची, बाकी वेळ फोनकडे बघत बसायचं.

नवमीच्या सकाळी बहिणीचा फोन आला. "ताई, आज पूजा ना गं तुमच्याकडे? त्याच्या नावानं कुंकू लाव. तुम्ही बनवता ती त्याचीच हत्यारं की."

लावलं. एरवी मायक्रोमीटरच्या पाठीवर बोट टेकवते आणि पुढे जाते. त्या दिवशी वाटलं, पिन जिथे धरते तिथेच लावावं. ओलं कुंकू त्याच्या तोंडाशी लावलं, मनात भाच्याचं नाव घेतलं आणि हात जोडले. रडूच आलं मला.

पूजेनंतर मशिनींना हात लावायचा नसतो. पण आमच्याकडून पिना घेणाऱ्या कंपनीला माल तातडीनं हवा होता. पिना कापून तयार होत्या, फक्त मापायच्या राहिलेल्या. आमचे सर म्हणाले, "बाई, मापणं म्हणजे काही मशीन चालवणं नव्हे. उद्या याल का?" दसऱ्याच्या सकाळी मी एकटी आले. कुंकू फडक्यानं पुसलं. रोज सकाळी मायक्रोमीटरची तोंडं रिकामी मिटवून आकडा शून्यावर येतो का, ते बघायचं असतं. मी म्हटलं, कालच तर बघितलंय. टेम्पोवाला दारात हॉर्न वाजवत होता. चारशे पिना मापल्या, सगळ्या पास, कागदावर सही ठोकली.

सुट्टीनंतर कामावर आले, तोंडं मिटवली, तर आकडा शून्याच्या अर्धं घर पुढे. पुन्हा मिटवली, पुन्हा तेच. आत करंगळी फिरवली आणि बघितली. लाल.

कुंकवाचा पातळ थर आत चिकटून राहिलेला. तेवढ्यानं प्रत्येक पिन खरी होती त्याहून जाड दिसलेली. बारीक पिना मी पास करून पाठवल्या होत्या.

गप्प बसता आलं असतं. कुणाला कळलं असतं? पण भाच्याचा चेहरा काही समोरून हलेना. सरांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं.

"अहो बाई, काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय म्हणूनच बोलतेय, सर."

त्यांनी कंपनीला फोन लावला. म्हणाले, "माल थांबवा. चूक आमची आहे."

चार दिवसांनी खोका परत आला. मी एकेक पिन मापली. एकोणीस बारीक निघाल्या. आणि मोजल्या तर तीनशे सत्त्याण्णवच. तीन कमी. सरांनी कंपनीला विचारलं. "बसवून पुढे गेल्यात, शोधतोय," असं उत्तर आलं. त्या तीन चांगल्या होत्या की बारीक, हे कोण सांगणार?

त्याच दुपारी बहिणीचा फोन. रडतेय की हसतेय तेच कळेना.

"आला गं फोन त्याचा! धडधाकट आहे. नवीन सामान आलंय म्हणे, ते उतरवून घेतोय. तुझ्या कुंकवानंच राखलं बघ त्याला."

इतक्या लवकर आमची पिन तिथवर पोहोचत नाही, एवढी अक्कल मला आहे. तरी त्या तीन पिना काही डोक्यातून जाईनात.

"पुढच्या नवमीलाही लाव हं."

"लावीन," म्हटलं. फोन ठेवला आणि खोक्यातल्या पिना पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसले.